पानावरचे दोन जण

आमच्या घरच्या ग्रुपवर माझी काय किंमत आहे हे मला नीट माहीत आहे. मी एखाद्या साइटची लिंक टाकली की सगळे हात जोडलेलं चिन्ह पाठवतात. सकाळच्या सुविचाराला तेच चिन्ह, कुणी वारल्याची बातमी आली तरी तेच. म्हणजे माझ्या लिंकला लोक एक तर नमस्कार करतात किंवा श्रद्धांजली वाहतात. उघडून कुणी बघत नाही.

मी भिवंडीत गोडाऊनमध्ये डिस्पॅच बघतो, म्हणजे माल भरून गाड्या रवाना करतो. आधी राहनाळला होतो, दिवाळीनंतर मालकाने पूर्णाच्या नव्या गोडाऊनला पाठवलं. या कामाची रीत अशी, की गाड्या लागल्या की पाणी प्यायलाही सवड नाही आणि लागेपर्यंत नुसतं बसायचं. त्या बसण्यात कुणी डुलक्या काढतो, कुणी तंबाखू मळतो. मला इंटरनेटचं वेड लागलं. तेही क्रिकेट, बातम्या असलं सरळ नाही. जिथे कुणी फिरकत नाही अशा साइट मी शोधायचो. एका बर्फाळ गावात पोस्टाच्या जिन्यावर कॅमेरा लावलेला होता. दिवसभरात तीन-चार माणसं जिना चढायची. उतरताना मला एकही कधी दिसलं नाही. मी हे बायकोला फार गंभीरपणे दाखवलं.

"पोस्टात गेलेलं माणूस लवकर सुटत नाही, ते आपल्याकडेही आहे," ती म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

दुसऱ्या एका साइटवर कुणीतरी रोज एकाच बंद दाराचा फोटो टाकत होतं. वर्षानुवर्षं. दार तेच, फक्त उन्हाचा पट्टा सरकलेला. बायकोने त्यावर विचारलं, "आणि तुम्ही रोज बघता? मग तो बरा की तुम्ही बरे?"

सगळ्या घरात माझ्या लिंका उघडणारा माणूस एकच. माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे मिस्टर. ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जॉबर होते, दुरुस्तीवाले. बंद पडलेला लूम हाताने फिरवून कान लावून ऐकायचे आणि कुठे काय सैल झालंय ते सांगायचे. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे माणसांचं बोलणं मात्र त्यांना नीट ऐकू यायचं नाही. फोनवर ते ओरडूनच बोलायचे आणि ताईही घरात त्यांच्याशी ओरडूनच बोलायची. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं यांचं रोज भांडण चाललंय. खरं तर ती मीठ कमी झालंय का एवढंच विचारत असायची.

एका दुपारी राहनाळच्या गेट-केबिनमध्ये कॉम्प्युटरसमोर बसलेलो असताना मला ते पान सापडलं. पांढरं कोरं पान. मधोमध एक आकडा आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं, की आत्ता या क्षणी इतक्या जणांनी हे पान उघडलेलं आहे. बाकी काही नाही. चित्र नाही, जाहिरात नाही, दाबायला बटण नाही. आकडा होता १.

म्हणजे मीच. सगळ्या जगात ते पान उघडून बसलेला मी एकटा. मला जरा कसंतरी झालं आणि म्हणूनच मी ती लिंक लगेच ग्रुपवर टाकली. पत्ता अगदी छोटा होता, एकदा वाचला तरी तोंडपाठ व्हावा असा. हात जोडलेली चिन्हं आली. पाच मिनिटांनी आकडा बदलून २ झाला.

फोन वाजला. "मेव्हणं, दुसरा मी हाय," भावोजी पलीकडून ओरडले.

"समजलं."

"भारी हाय. आवाज न्हाय, काय न्हाय. बरं वाटतं."

त्या दुपारी आम्ही दोघं तासभर तरी त्या पानावर होतो. काही बोललो नाही, बोलायची सोयच नव्हती. मी गाड्यांचे कागद लावत होतो आणि मधूनच बघत होतो: २. पुढे बरेचदा असं झालं.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात भावोजी सकाळी ड्युटीला म्हणून निघाले ते पोचलेच नाहीत. भांडण नाही, आजारपण नाही. डबा घेतला होता. फोन मात्र खाटेवर पडलेला होता. त्यांच्या लूमवर विचारलं, नातेवाइकांकडे विचारलं, दिघाशीला आमच्या गावी जाऊन विहिरीसुद्धा बघून आलो. पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या माणसाने चांगली वागणूक दिली, पण "सापडले की कळवू" हे वाक्य त्याने इतक्या सवयीने म्हटलं, की आम्ही जिना उतरताना एकमेकांकडे बघितलं नाही.

ताई त्यांच्या दोन खोल्यांत एकटी राहिली. मूलबाळ नाही. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणे, "तो आला आन् दाराला कुलूप बघितलं तर?" तिच्याकडे उरला त्यांचा फोन. त्यात ती काय काय उघडून बघायची. तशीच एकदा तिला ती लिंक सापडली.

मी पूर्णाला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. दुपारी तिचा फोन आला.

"तुझं ते पांढरं पान उघडलंय मी. दोन दाखवतोय. तू हायस का त्याच्यावर?"

"नाही गं. मी गाडी भरून घेतोय."

"घरात कुणी?"

बायकोला विचारलं, मुलीला विचारलं, ग्रुपवर विचारलं. ग्रुपवर हात जोडलेली चिन्हं आली. कुणीच उघडलेलं नव्हतं.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण घरातला इंटरनेटचा माणूस मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला माझ्या विषयातलं काही विचारत होतं. मी हात धुऊन तिच्याकडे गेलो आणि समजावून सांगितलं, की बघ, हे पान आपोआप आकडा बनवत नाही. कुणीतरी उघडून बसलं तरच मोजलं जातं. तू एक, आणि दुसरं कुणीतरी आहे.

"कुणीतरी म्हंजे माणूसच ना?"

"माणूसच," मी म्हणालो.

तिने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्याच्यासमोर बसली. त्या दिवसापासून रोज दुपारी ती तशीच बसू लागली. आकडा रोज दोनच असायचा. कधी मी माझ्या फोनवर उघडलं की तीन व्हायचे, आणि ती लगेच फोन करून सांगायची, "तू हायस वाटतं. जा, निघ." मी निघायचो. दोन व्हायचे. दुपारी दोनला बघा, चारला बघा, तो दुसरा तिथेच. कधी कंटाळत नव्हता. पत्ता भावोजींना पाठ होता, उघडायला कुणाचाही फोन चालला असता. मला भावोजींचं ते ऐकणं आठवायचं, बंद लूमला कान लावून उभं राहणं. अंगावर काटा यायचा, आणि खोटं का सांगू, थोडं बरंही वाटायचं.

बायकोला हे पटत नव्हतं. "अहो, कुठल्या तरी देशात कुणीतरी उघडं टाकून विसरला असेल. तुम्ही ताईंना नादी लावलंय."

मी म्हणालो, "तुला त्यातलं कळत नाही." हे वाक्य मी घरात वर्षातून एकदाच वापरतो. ते नेहमी चुकीच्या ठिकाणी वापरलं जातं.

मग शुक्रवारचं सुरू झालं. ताई आता सकाळीही पान उघडून बघायची. एका शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला तिचा घाबरलेला फोन. "एकच दाखवतोय. तो गेला." मी बघितलं तर तिचा एक आणि माझा एक. तिसरा नव्हता. दुपारी तीनच्या पुढे पुन्हा आला. पुढच्या शुक्रवारी तसंच, नऊला गेला, तीनला परत. तिसऱ्या शुक्रवारी ती घाबरली नाही. मी गेलो तेव्हा ती डब्यासमोर बसून होती, फोनवर १ होता आणि तिचा चेहरा असा, की कोडं सुटलंय.

"लूमला सुट्टी कवा असते?"

"शुक्रवारी."

"नऊला तो पिशवी घेऊन मटण आणायला जायचा. जेवून झोपायचा. तीनला उठायचा." तिने माझ्याकडे बघितलं. "सुट्टीचं त्याचं हेच असायचं. म्हंजे तो लूमवरच हाय. आन् इथंच हाय, भिवंडीत."

मी म्हणालो, "मालेगावलाही लूमना शुक्रवारीच सुट्टी असते."

"मालेगावची हवा त्याला मानवत न्हाय."

मला तर तिचं सगळं बरोबरच वाटत होतं. एखादा माणूस चार भिंतींपलीकडे राहतोय, त्याच्या उठण्या-झोपण्याची वेळ आपल्याला कळतेय, पण तो काही बोलत नाही आणि दिसत नाही, असं ते होतं. तीन वाजत आले की आम्ही दोघं बहीणभाऊ फोनकडे बघत बसायचो. एकाचे दोन झाले की ताई पदराने तोंड पुसायची आणि ओरडून म्हणायची, "उठलास का? चहा ठेवू?" रिकाम्या खोलीत तो आवाज भिंतीवर आपटून परत यायचा.

त्यानंतर मी माझी आठवड्याची सुट्टी शुक्रवारवर घेतली आणि आम्ही शोधायला निघू लागलो. तिचा हिशेब सरळ होता. सुट्टी म्हणजे तो बाहेर, बाहेर म्हणजे रस्त्यात दिसणार. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून ती एकेका मोहल्ल्यात जायची. लूमच्या गल्ल्या शुक्रवारी फार विचित्र वाटतात. एरवी जिथे पायाखालची फरशी थरथरते, तिथे पत्र्याची दारं ओढलेली, विजेच्या तारांवर कापसाची धूळ, कुठे दोरीवर लुंग्या वाळत घातलेल्या. आमच्या चपलांचा आवाज आम्हालाच मोठा वाटायचा. चहाच्या टपरीवर ताई फोटो दाखवायची. लोक नीट बघायचे, मान हलवायचे, कुणी कुणी चहाचे पैसे घ्यायचे नाहीत. एकदा तिने एका माणसाच्या पाठीमागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला. तिने त्याची माफी मागितली आणि गाडीवर येऊन बसली. घरी आल्यावर फोन उघडून म्हणाली, "बघ, आला की न्हाय. आपण तिथं शोधत होतो आन् हा इथं."

असे सात-आठ शुक्रवार झाले. ती एका खानावळीत पोळ्या लाटायला जायची, ते काम तिने केव्हाच सोडलं होतं, कारण तिथे दुपारी जावं लागायचं. खाणं कमी झालं होतं. बायको आता ताईसाठी डबा भरून द्यायची आणि झाकण जरा जोरात लावायची.

एका मंगळवारी राहनाळच्या गोडाऊनची एक जुनी पावती सापडत नव्हती म्हणून मालकाने मला तिकडे पाठवलं. माझ्या जागेवर आता एक उत्तरेकडचा, माझ्याच वयाचा माणूस बसतो. दुपारचे अडीच झाले होते. मोठ्या शेडमध्ये गाडी नव्हती, माणूस नव्हता, वर कुठेतरी एक कबुतर फडफडत होतं. केबिनमध्ये आलो तर कॉम्प्युटरचा पडदा काळा.

"बंद आहे का?"

"बंद कभी नहीं करते," तो म्हणाला. "आपने ही बोला था."

खरंच, मीच सांगून गेलो होतो. गेटपास ज्या साइटवरून निघतो ती एकदा बंद केली की पुन्हा चालू व्हायला अर्धा तास घेते. म्हणून आमच्याकडे कॉम्प्युटर कुणी बंद करत नाही, फक्त पडदा बंद करतात. चालू आहे ना, मग हात लावू नको, हा गोडाऊनचा कायदाच आहे. त्याने पडद्याचं बटण दाबलं. वर पंधरा-वीस पानं उघडी दिसत होती, एकाला एक चिकटून. मी पावती शोधायला म्हणून एकेक दाबत गेलो आणि मधलं एक पान पांढरं कोरं निघालं.

मधोमध २.

मी उभाच राहिलो. अडीच वाजलेले. ताई आत्ता डब्यासमोर बसलेली असणार. तिच्यासमोरही हाच आकडा. इतके महिने आम्ही ज्या दुसऱ्याकडे बघत होतो, त्याच्या बाजूला आता मी येऊन उभा होतो, आणि इथे होती एक फोम फाटलेली खुर्ची, धुळीचा कीबोर्ड आणि भिंतीवरची गेल्या वर्षीची दिनदर्शिका. तिने "चहा ठेवू?" विचारलेलं सगळं या काळ्या पडद्यापाशी येऊन थांबत होतं.

"हे पान?"

"आपका ही है साहब. इसलिए हमने हाथ नहीं लगाया."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवार को तो आजकल बिजली बंद रहती है ना, सुबह नौ से. लूम की छुट्टी, तो बिजलीवाले उसी दिन तार का काम निकालते हैं. यूपीएस की बैटरी अपनी कब की मर चुकी है. तीन बजे लाइट आती है तो कंप्यूटर चालू करते हैं, वो पूछता है पुराने सारे पेज वापस लाऊँ क्या. हम बोलते हैं लाओ."

पावती सापडली की नाही हे मला आठवत नाही. माऊसचा बाण त्या पानाच्या फुलीवर नेला. दाबलं असतं तर दोन मैलांवर ताईच्या समोर दोनाचा एक झाला असता, आणि मंगळवारी, भर दुपारी. तिने काय समजायचं ते समजली असती. मी हात काढून घेतला. त्या माणसाला म्हटलं, "मी फोन करेन. फोन केला की हे पान बंद करा. त्याआधी नको."

ताईच्या दारात पोचलो तेव्हा आतून तिचा मोठा आवाज येत होता. ती फोनला सांगत होती, की नळाला दोन दिवस पाणी नाही आणि शेजारणीच्या लेकीचं जमलं. मी चपला काढून तिच्याजवळ बसलो. कसं सांगायचं याची रस्ताभर जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरलो. "ताई, तो दुसरा मी आहे," म्हणालो. मग राहनाळचा कॉम्प्युटर, पडदा, शुक्रवारची लाइट, सगळं सांगितलं.

"म्हंजे हे तुझं गोडाऊन."

"हो."

"चार महिने."

"हो. चूक माझी आहे. मला कळायला पाहिजे होतं."

ती फोनकडे बघत राहिली. "त्या गोडाऊनमध्ये ऐकायला गेलं का कुणाला?"

"नाही गं. आवाज जातच नाही."

"बरं झालं. काय काय बोलले मी." ती हसली असं मला वाटलं, पण ते हसणं नव्हतं. फोन डब्यापासून उचलून म्हणाली, "बंद करायला सांग."

मी फोन लावला आणि एवढंच म्हणालो, "करा." आम्ही दोघं बघत होतो. काही क्षण काहीच झालं नाही, मग आकडा बदलला. १. कुठे आवाज नाही, धक्का नाही. तरी ताई दचकली.

"हा एक कोण?"

"तू."

तिने बराच वेळ त्या एकाकडे बघितलं. एखाद्याने आपलाच फोटो पहिल्यांदा बघावा तसं. मग तिने पान बंद केलं. आता तिथे शून्य असणार. पण ते शून्य कुणाला दिसायचं नाही, कारण बघायला गेलं की ते एक होतं. एरवी मी हे तिला मोठ्या हौसेने सांगितलं असतं. त्या दिवशी सांगितलं नाही.

मला वाटलं ती आता रडेल. मी पाणी आणायला उठलो. परत आलो तर ती पदर खोचून चपला घालत होती.

"चल."

"कुठे?"

"लूमवर."

"ताई, आज मंगळवार आहे."

"म्हणूनच. शुक्रवारी बंद दारं बघत फिरत होतो आपण, तुझ्या आकड्याच्या मागं लागून. माणसं चालू लूममध्ये असतात." ती दारात थांबली. "आन् भिवंडीत नसंल तर नसंल. ते पण बघता येतं."

मला तेव्हा खरी भीती वाटली. तिची आशा मोडायला मी आलो होतो, आणि निघालं असं, की त्या आकड्याने तिला निदान एका शहरात आणि एका वारात धरून ठेवलं होतं. आता सगळे वार मोकळे झाले होते.

आम्ही पहिल्याच मोठ्या गल्लीत गाडी लावली. आवाज आधी पायाला लागला, मग कानाला. शेडच्या दारातून आत कापसाची धूळ तरंगत होती आणि त्या धुळीत माणसं ओठ न हलवता, हातांनीच एकमेकांशी बोलत होती. ताई दारात उभी राहिली आणि तिने फोटो उघडून फोन वर धरला. अगदी टोकाच्या लूमवरचा एक माणूस आला. त्याने अंगठ्याने काचेवरची धूळ पुसली, फोटो जवळ घेऊन बघितला, मग ताईकडे बघितलं आणि मान हलवली. तिनेही मान हलवली. फोन परत घेतला.

बाहेर आल्यावर ती माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, इतकं जोरात, की मला क्षणभर भावोजी झाल्यासारखं वाटलं. "या बाजूची दारं मी घेते. तू पलीकडून विचारत ये."

गल्ली लांब होती आणि दोन्ही बाजूंना दारं उघडी होती. मी पलीकडे गेलो.